मागे जायचे पाच गिअर

रात्री साडेअकराला मी जेवणाच्या टेबलाखाली पालथा पडून मोबाइलच्या उजेडात फरशी चाचपत होतो. बायको पाणी प्यायला उठली, माझ्या पायांना वळसा घालून फ्रिजपर्यंत गेली आणि परतताना म्हणाली, “सकाळी केर काढताना बघते. काय रंगाचं आहे?”

“राखाडी.”

“केवढं?”

“जिऱ्याएवढं.”

“मग गेलं ते,” म्हणाली आणि झोपायला गेली.

ते जिरं म्हणजे मी जुळवत असलेल्या छोट्या मॉडेल गाडीतला गिअरचा दांडा होता. प्लॅस्टिकचा, जेमतेम तीन मिलिमीटरचा. गाडी पूर्ण झाल्यावर तो छताखाली जाणार, कुणाला दिसणारही नाही. तरी सकाळी मी केराची सुपली वर्तमानपत्रावर उलटी करून बसलो. मोहरीचे दोन दाणे, स्टेपलरची पिन, केसांचं गुंतवळ. दांडा नाही. मग शेवटी मेणबत्ती पेटवली. किटमधले सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटून येतात तिला स्प्रू म्हणतात. त्या स्प्रूची एक काडी आचेवर मऊ केली आणि दोन्ही टोकं धरून हळूच ओढली, की पाकाची तार निघावी तशी तिची तार निघते. तीन मिलिमीटर कापली, टोकाला पांढऱ्या गोंदाचा ठिपका दिला. झाली मूठ. कंपनीच्या दांड्यापेक्षा जरा बरीच दिसत होती, पण हे माझं मत.

गाडी होती डिंगो. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश टेहळणी गाडी, तिची मार्क वन-ए ही आवृत्ती, 1/35 प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाची. किट मिनिआर्ट या युक्रेनच्या कंपनीचं. त्या देशात 2022 पासून जे चाललंय ते बघता, ऐंशी वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच कुणाच्या युद्धातली गाडी तिथून खोक्यात बसून माझ्या टेबलावर यावी, याचं पहिल्या दिवशी जरा अवघडल्यासारखं झालं होतं. नंतर सूचनांचा कागद उलगडला आणि सुटे भाग मोजण्यातच विसरलो.

चिलखती गाडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रणगाडा येतो. डिंगो तशी नाही. खरी गाडी सव्वातीन मीटरहून कमी लांब आणि दीड मीटर उंच. शेजारी उभं राहिलात तर छप्पर हनुवटीला लागेल. वर फिरता बुरुज नाही, तोफ नाही. आत दोन माणसं आणि एक ब्रेन गन म्हणजे हलकी मशीनगन, तीही नाइलाज झाला तर वापरायची. पुढे जायचं, शत्रू कुठे आहे आणि किती आहे ते बघायचं, आणि परत येऊन सांगायचं. लढाई करणं हे तिचं कामच नव्हतं. 1/35 मध्ये ती साधारण नऊ सेंटिमीटरची होते, म्हणजे माझ्या मधल्या बोटाएवढी.

ही गाडी मुळात बीएसएची. आपल्याकडे बीएसए म्हटलं की सायकल. माझी स्वतःची पहिली सायकल बीएसए एसएलआर, निळी, आठवीत मिळालेली. त्या तीन अक्षरांचा अर्थ बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स असा आहे आणि कंपनीच्या मूळ चिन्हात एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका आहेत, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. 1938 साली ब्रिटिश सैन्याला छोटी टेहळणी गाडी हवी होती. अल्विस, मॉरिस आणि बीएसए अशा तिघांनी नमुने केले. चाचणीत बीएसएची गाडी दहा हजार मैल धावली आणि पास झाली. गंमत म्हणजे डिंगो हे नाव अल्विसने आपल्या नमुन्याला दिलेलं होतं. अल्विसची गाडी हरली, नाव मात्र जिंकणाऱ्या गाडीला जाऊन चिकटलं. बीएसएने 1910 मध्येच डेमलर ही मोटार कंपनी विकत घेतली होती, त्यामुळे उत्पादन कॉव्हेंट्रीच्या डेमलरकडे गेलं. 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन विमानांनी ज्या कॉव्हेंट्रीची राखरांगोळी केली, तेच हे शहर. गाड्या तरीही येत राहिल्या. युद्ध संपेपर्यंत साडेसहा हजारांवर डिंगो बनल्या. इटलीच्या लान्सिया कंपनीने तर तिची जवळजवळ हुबेहूब नक्कल करून ‘लिन्चे’ नावाने बनवली. शत्रूने इतकी मनापासून दाद द्यावी, असं फार थोड्या गाड्यांच्या वाट्याला आलंय.

पण मी हिच्या प्रेमात पडलो ते गिअरबॉक्समुळे. डिंगोला पुढे जायला पाच गिअर आणि मागे जायलाही पाच.

हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा अण्णा आठवले. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, नगर डेपोला. (अहिल्यानगर असं आता लिहायचं असतं आणि लिहितोही, पण घरात तोंडातून नगरच येतं.) माळीवाडा स्टँडवर गाडी फलाटाला लागलेली, मागे दुसरी उभी, बाजूला रसवंतीचा गाडा, मध्ये बोचकी घेऊन धावणारी माणसं, आणि अण्णा उजवीकडच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आलेले. कंडक्टर मागे उभा राहून पत्र्यावर तळहात मारतोय, “येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या…” आणि मग एक जोरात थाप, “बास!” सुट्टीत मी त्यांच्याबरोबर फेरीला जायचो आणि मला सगळ्यात जास्त आवडायचा तो हा भाग. अण्णांचं म्हणणं असायचं, “पुढं तर कुणीबी नेतो. मागं घेताना ड्रायव्हर कळतो.”

टेहळणी गाडीचंही तेच. अरुंद गल्लीत किंवा बांधाच्या रस्त्यावर वळण घेतलं आणि समोर तोफ दिसली, तर गाडी वळवायला ना जागा असते ना वेळ. आला तसाच, तोंड शत्रूकडे ठेवून, मागच्या मागे सुटायचं, आणि तेही पळत. साधारण गाडीचा रिव्हर्स गिअर म्हणजे रांगणं. म्हणून डिंगोत दिशा बदलायचा वेगळा दांडा दिला होता. तो मागे टाकला की पाचही गिअर उलट्या दिशेला लागू. ड्रायव्हरची सीटही सरळ नाही, किंचित तिरपी बसवलेली, म्हणजे मान वळवून मागच्या झडपेतून बघता यावं.

गिअरबॉक्स प्रीसिलेक्टर जातीचा. यात दांडा हलवला तरी गिअर बदलत नाही, पुढचा कुठला हवा एवढी फक्त नोंद होते. मग गरज पडेल त्या क्षणी डावा पेडल दाबायचा, की नोंदवलेला गिअर पडतो. म्हणजे समोर शत्रू दिसायच्या आधीच हात मोकळा करून ठेवता येतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये नेहमीच्या क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारं फ्लायव्हील, त्यामुळे घाबरून काही चुकलं तरी इंजिन बंद पडत नाही. एकच मेख. पेडल पूर्ण तळापर्यंत दाबला नाही तर तो उलटा उसळतो आणि नडगी फोडतो. अण्णांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते. “म्हणजे गाडीच ड्रायव्हरला लाथ घालती.”

डिंगोची थोरली बहीण म्हणजे डेमलर आर्मर्ड कार. तीन माणसं, फिरता बुरुज, दोन पौंडी तोफ. तिच्यात तर मागच्या बाजूला दुसरं स्टिअरिंग होतं, उलटं पळताना कमांडरने मागे तोंड करून गाडी हाकावी म्हणून. हे ऐकून मात्र अण्णा गंभीर झाले. दोन स्टिअरिंग म्हणजे भांडण, असा त्यांचा निकाल.

नगरला लष्कराच्या आर्मर्ड कोर सेंटरचं रणगाड्यांचं संग्रहालय आहे, 1994 मध्ये सुरू झालेलं. रिटायर झाल्यावर अण्णांना मी एकदा तिथे नेलं होतं. चर्चिल, व्हॅलेंटाइन, पॅटन असे सगळे ओळीने उभे, आणि त्यांच्यात एक रोल्स-रॉइस. सिल्व्हर घोस्ट चिलखती गाडी, तिथली सगळ्यात जुनी वस्तू. राजेरजवाड्यांच्या मोटारीच्या चासिसवर पोलाद चढवून केलेली ही जात 1914 सालची. इतकी टिकाऊ निघाली, की 1940 च्या जूनमध्ये इटलीने युद्ध पुकारलं तेव्हा लिबियाची सरहद्द ओलांडून आत घुसलेल्या इलेव्हन्थ हुसार्स या ब्रिटिश रेजिमेंटकडे अजूनही रोल्स-रॉइस होत्या. अण्णांनी तिला पूर्ण प्रदक्षिणा घातली, खाली वाकून स्प्रिंगांचे पाटे बघितले आणि म्हणाले, “पाटे आपल्यासारखेच की.” बाकी रणगाड्यांकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. साखळीवर चालतं ते त्यांच्या लेखी वाहनच नाही.

एक अवांतर. हे 1/35 प्रमाण आलं कुठून, असं मला पुष्कळ जण विचारतात, कारण 35 हा आकडा कुठल्याच हिशेबात बसत नाही. जपानच्या तामिया कंपनीने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं. मोटर आणि बॅटऱ्या पोटात मावतील एवढा रणगाडा केला, आणि नंतर मोजलं तर तो साधारण पस्तिसाव्या हिश्शाचा भरला. बस, तेव्हापासून जगभरचे मॉडेलवाले त्या बॅटऱ्यांच्या मापाने युद्ध मोजतायत. आमच्या लहानपणी हे काही मिळत नसे. पहिलं किट मी पाहिलं ते एका मित्राच्या लंडनच्या काकांनी आणलेलं, मॅचबॉक्सचं, 1/76 चं. ब्रिटिश सेनापती मॉन्टगोमेरीचा कॅराव्हॅन आणि सोबत इवलीशी डिंगो. हात लावायची परवानगी नव्हती. आता एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीच्या बऱ्याच खोक्यांवर ‘मेड इन इंडिया’ छापलेलं असतं, आणि तीच खोकी इंग्लंडात जाऊन परत इथे येतात तेव्हा त्यांची किंमत बघून मी ती जागेवर ठेवून देतो.

आता रंगाकडे येतो. माझे सगळ्यात जास्त दिवस रंगाने खाल्ले, आणि भांडणंही इथेच होतात.

1940 च्या उत्तरार्धात इजिप्तच्या वाळवंटात ब्रिटिश गाड्यांवर एक विलक्षण नक्षी आली. सरळ रेषांचे तिरके पट्टे, गाडीच्या कडांना न जुमानता एकमेकांना छेदत गेलेले. हेतू असा, की लांबून, उन्हाच्या झळांतून बघणाऱ्याला गाडीचा आकारच कळू नये, ती कुठल्या दिशेला तोंड करून उभी आहे ते कळू नये. ब्रिगेडियर कॉन्टर यांच्या नावाने ती ओळखली जाते. रंग तीन. बुडाला फिकट वाळूचा, त्यावर सिल्व्हर ग्रे, त्यावर स्लेट. फोटो सगळे कृष्णधवल. आणि यातल्या मधल्या रंगाने जगभरच्या मॉडेलवाल्यांना काही दशकं निळं केलं. संग्रहालयात ठेवलेल्या एका माटिल्डा रणगाड्यावर डागडुजीच्या वेळी सिल्व्हर ग्रेच्या जागी स्वच्छ निळसर रंग चढला, आणि लोकांनी तोच प्रमाण मानला. पुस्तकांतली चित्रं निळी, खोक्यांवरची चित्रं निळी, रंगांच्या बाटल्या निळ्या. पुढे कुणीतरी चिकाटीने जुने रंगांचे मानक तक्ते काढून बघितले, तर सिल्व्हर ग्रे हा हिरवट झाक असलेला करडा निघाला. निलगिरीचं पान वाळलं की दिसतं तसा.

माझ्या कपाटात एक रोल्स-रॉइस आहे, बारा वर्षांपूर्वी केलेली. आकाशाएवढी निळी. ती मी पुन्हा रंगवलेली नाही. मुलगी लहान असताना तिला ‘कृष्णाची गाडी’ म्हणायची, हे एक कारण. आणि खरं सांगायचं तर चुकीचा निळा दिसतो फार सुंदर.

डिंगोला मात्र नेमाने हिरवट करडा दिला. स्लेट जमवायला सोपा गेला, कारण स्लेट म्हणजे आपली पाटी. ओल्या फडक्याने पुसलेली पाटी वाळत आली की जो रंग उरतो, तोच. पट्ट्यांच्या कडा सरळ याव्यात म्हणून टेप लावायची, एक रंग मारायचा, वाळू द्यायचा, टेप काढायची, दुसरी लावायची. नऊ सेंटिमीटरच्या गाडीवर मी एकूण किती टेप लावली हे बायकोला सांगितलेलं नाही. त्यातच जुलै महिना. पुण्याच्या पावसाळी हवेत एअरब्रश मारला की लॅकर रंगावर पांढुरकी साय धरते. एक अख्खी बाजू मला थिनरने धुऊन काढावी लागली. भाजीवाल्या मावशी दारातून म्हणाल्या, “रंगकाम काढलंय का?” हो म्हटलं. खोटं नव्हतं.

खोक्यात गाडीसोबत माणसंही आली होती, ब्रिटिश चेहऱ्यांची. त्यांना रंगवायला घेतलं आणि तामियाच्या बाटलीवर नजर गेली. ‘फ्लॅट फ्लेश’. ही बाटली मी वीस वर्षं वापरतोय आणि त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं, कुणाचं मांस? आत गुलाबीसर रंग. माझं नाही, अण्णांचं नाही.

आता मी ठरवलेला प्रसंग होता डिसेंबर 1940 चा. 9 डिसेंबरला इजिप्तमध्ये सिदी बरानीच्या बाजूला ब्रिटिशांनी इटालियन छावण्यांवर जो हल्ला केला, त्यात सातव्या आर्मर्ड डिव्हिजनच्या जोडीला चौथी भारतीय डिव्हिजन होती. निबेवाची छावणी तिनेच घेतली. म्हणजे डिंगोशेजारी भारतीय जवान उभा असणं ही माझी हौस नव्हे, तो तिथे होताच. पण खोक्यात नव्हता. मग एका ब्रिटिश शिपायाचं डोकं टोपासकट खरवडलं, एम-सीलच्या दोन कांड्या मळून त्याची बारीक लडी लाटली आणि चिमट्याने, टाचणीने पगडीचे पेच एकावर एक बसवले. एम-सील हाताला लागतं, सुकत आलं की ऐकत नाही, आणि बाटलीतल्या महागड्या परदेशी पुट्टीपेक्षा माझा त्याच्यावर जास्त भरवसा आहे. नळ गळला की तेच, पगडी बांधायला तेच. ‘फ्लेश’मध्ये तपकिरी घालत गेलो, तीन वेळा घातली, तेव्हा कुठे माणूस ओळखीचा दिसायला लागला.

त्या काळात भारतातही चिलखती गाड्या होत होत्या. कॅनडाच्या फोर्डचं चासिस, त्यावर जमशेदपूरच्या पोलादाचं कवच, साडेचार हजारांवर गाड्या. सैनिक त्यांना ‘टाटानगर’ म्हणायचे. असं नाव, इतका मोठा आकडा, आणि मला तिचं किट अजून दुकानात हाती लागलेलं नाही. कधीतरी पत्र्यातून स्वतःच कापीन म्हणतोय. डेमलरही इथे राहून गेल्या. 7 नोव्हेंबर 1947 ला श्रीनगरच्या वेशीवर शालटेंगला पाकिस्तानातून घुसलेल्या टोळीवाल्यांच्या मागून ज्या गाड्या येऊन धडकल्या, त्या आपल्या सेव्हन्थ कॅव्हलरीच्या डेमलर आर्मर्ड कार्स होत्या. मागे पळण्यासाठी एवढी तयारी केलेली गाडी, आणि तिची आपल्याकडची सगळ्यात गाजलेली कामगिरी शत्रूच्या मागे जाऊन उभं राहण्याची!

ऑगस्टमध्ये डिंगो मिठाईच्या रिकाम्या खोक्यात कापूस घालून ठेवली, खोकं मांडीवर घेतलं आणि नगरला गेलो. अण्णा आता ब्याऐंशीचे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं टाळतायत. कॉटवर बसून त्यांनी गाडी तळहातावर घेतली आणि खिडकीकडे तोंड करून डोळ्यापाशी नेली. पट्ट्यांबद्दल काही बोलले नाहीत. पगडीवाल्याला बघून “हा आपला दिसतोय,” एवढंच म्हणाले. मग नखाने मागचं चाक दाबून बघितलं.

“मागची चाकं उलटी बसवलीस.”

“नाही अण्णा, ती तशीच असतात. चारही चाकं वळायची हिची. पुढची डावीकडे वळली की मागची उजवीकडे.”

त्यांनी गाडी कॉटच्या चादरीवर ठेवली आणि वरून बघत राहिले.

“म्हणजे जागच्या जागी वळणार.”

“हो.”

“स्पीड किती?”

“नव्वदच्या आसपास.”

“आणि पाची गिअर मागं?” थोडा वेळ गेला. ओठ हलत होते, हात मांडीवर किंचित वळत होते. “नाय जमायचं. पुढं जाताना नवा माणूस बुड फेकणार. मागं घेताना तर इचारूच नको. बंद केलं असंल त्यांनी.”

केलं होतं. नवशिक्या ड्रायव्हरांना गाडी आवरत नाही म्हणून मार्क टू या पुढच्या आवृत्तीपासून मागची चाकं सरळ केली. हे मी त्यांना कधीच सांगितलेलं नव्हतं.

“केलं,” मी म्हटलं.

“मग!”

शेजारच्या स्टुलावर मघाच्या पोह्यांची रिकामी ताटली होती. अण्णांनी ती उचलली, दोन्ही हातांनी कडा धरून छातीसमोर उभी केली आणि सवयीने उजवीकडे, खिडकीबाहेर मान वळवली. डिंगोत डाव्या खांद्यावरून बघायचं असतं, पण ते काही मी बोललो नाही. ताटली हळूहळू फिरायला लागली. अर्धा वेढा डावीकडे, मग थांबून पाव वेढा परत.

मी कॉटच्या कडेवर तळहात मारला. “येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या…”